सर्व्हे नंबर सत्त्याऐंशीचा वास

१

सरकारी कचेरीत कागद हरवला तर कुणी हातातली चहाची कपबशीही खाली ठेवत नाही. कागद सापडला, की मात्र घबराट होते. १९९२ सालच्या एप्रिलात परभणी जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत एकतीस वर्षांपूर्वीचा कागद सापडला, आणि तोही कुणी शोधत नसताना. तालुक्याचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून पेन्शन घेतात.

कागद बोरटाकळीच्या सर्व्हे नंबर सत्त्याऐंशीचा होता. हे गायरान. त्यातले चार एकर सरजाबाई आणि तिचा मयत नवरा वीस-बावीस वर्षं कसत आले होते. आजूबाजूला आणखी दहा बौद्ध घरांचे तुकडे होते. जुनी अतिक्रमणं नियमित करायचा आदेश आला होता आणि बारा मेला सुनावणी होती. जमीन कसल्याचा पुरावा म्हणजे अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या; सरजाबाईच्या त्या पावत्या अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत झोपडीबरोबर जळाल्या होत्या. पण सरकार दंड वसूल करतं तेव्हा स्वतःकडेही नोंद ठेवतं, आणि ती नोंद कचेरीत शाबूत होती. म्हणजे जमीन नावावर होणार होती. पावणेदोनशे वर्षांत त्या घराण्यात कुणाच्या नावावर काही झालं नव्हतं.

तेवढ्यात हा कागद सापडला. १९६१ सालचा आदेश, शाईनं लिहिलेला, खाली कचेरीचा जुना गोल पितळी शिक्का. मजकूर असा, की सर्व्हे नंबर सत्त्याऐंशी हा 'भविष्यकाळी निघणाऱ्या उच्च शिक्षण संस्थेसाठी' राखून ठेवावा. राखीव जमिनीवरचं अतिक्रमण नियमित होत नाही. योगायोग असा, की बोरटाकळीचे दिनकरराव यांनी गेल्याच वर्षी उच्च शिक्षण संस्था काढली होती आणि ते तिच्यासाठी जागा बघत होते. १९६१ साली दिनकरराव चौथीत होते. त्यांची बुद्धी लहानपणापासून दांडगी होती असं गावात म्हणतात, पण सरकारलाही ती इतक्या लवकर कळली असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

सरजाबाईनं कागदाची नक्कल पदराखाली धरून तालुका गाठला आणि जावयाच्या दारात बसली. तिनं रडणं-भेकणं केलं नाही. नक्कल पुढं केली.

"जावईबापू, ह्यो कागद खोटा हाय. तुमी शिकलेले हाव. कसा खोटा हाय, तेवढं सांगा."

२

जावई रंगनाथ हा तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. बी.एस्सी., रसायनशास्त्र, दुसरा वर्ग. बाकीच्या वेळी त्याला नुसतं रंगनाथ म्हणत आणि फ्यूज उडाला की रंगनाथ सर म्हणत. त्याला एकच व्यसन होतं, आणि ते घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी जिंतूर रस्त्यावरची एक बंद पडलेली औषधांची कंपनी लिलावात निघाली. टेबलं, पंखे, कपाटं गेली. शेवटी 'अज्ञात यंत्र, वजन अंदाजे दोनशे किलो' एवढ्याच वर्णनाची दोन लोखंडी कपाटं उरली. भंगारवाला त्याचं तांबं किती निघेल याचा हिशेब करत होता. रंगनाथनं मागची पाटी पुसली, वाचली, आणि पुन्हा वाचली. एक गॅस क्रोमॅटोग्राफ होता आणि त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर. ज्याचं चित्र त्यानं शेवटच्या वर्षाला पुस्तकात पाहिलं होतं आणि परीक्षेत चुकीचं काढलं होतं, ते.

यंत्र बैलगाडीतून घरी आलं. सुलाबाईनं, म्हणजे रंगनाथच्या बायकोनं, विचारलं की हे काय करतं. रंगनाथनं समजावून सांगितलं. पहिलं कपाट म्हणजे गरम भट्टी, आत बारीक नळीचं लांबलचक वेटोळं. कसलाही वास आत सोडला, की त्यातले वेगवेगळे पदार्थ त्या नळीतून पळतात. हलका पुढं, जड मागं. दुसऱ्या कपाटात ते एकेक करून पोचतात, तिथं त्यांचा चुरा होतो आणि प्रत्येक तुकड्याचं वजन होतं. हे आकडे म्हणजे त्या पदार्थाच्या बोटांचे ठसे. सुलाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे वास ओळखतं. रंगनाथला हे फार अपमानास्पद वाटलं, पण चूक काढता येईना.

यंत्र सुरू करणं म्हणजे काय, हे त्याला पुढच्या दोन वर्षांत कळलं. दुसऱ्या कपाटात हवा अजिबात नको असते. पंपानं ती उपसायची, आणि कुठंतरी गळती असतेच. सांध्यांवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा, हवेच्या मापकाची सुई उडाली की गळती तिथं. चार महिने सुई उडेना आणि हवाही थांबेना. शेवटी गळती सापडली ती त्यानं स्वतः जोर लावून पिळलेल्या नटाखाली. वास वाहून न्यायला हेलियम वायू लागतो. तो मुंबईत मिळतो आणि मुंबईतच राहतो. रंगनाथनं जत्रेतल्या फुगेवाल्याचं हायड्रोजनचं नळकांडं भाड्यानं आणलं आणि तो वायू कोरडा करून वापरला. त्या दिवसापासून पत्र्याच्या खोलीपासून वीस पावलांत चूल पेटवायची नाही असा सुलाबाईनं हुकूम काढला, आणि तो पहिल्यांदा रंगनाथलाच बजावला.

यंत्र चाललं. मग त्यानं बाजारातून मिळेल ते आणून आत सोडलं. रॉकेल, तंबाखू, बडीशेप, कापूर, पुदिन्याचा अर्क, निलगिरीचं तेल, डांबर गोळ्या. प्रत्येकाचे आकडे वहीत. डांबर गोळी १२८. कापूर ९५ आणि १५२. पुदिन्यातलं मेंथॉल ७१, ८१, ९५. वही भरली, पण तिचा उपयोग काय असं कुणी विचारलं, की रंगनाथ विषय बदलत असे.

सरजाबाईनं नक्कल पुढं केली, त्या दिवशी त्यानं विषय बदलला नाही.

३

नायब तहसीलदार कंधारकर हे सरळ माणूस होते, आणि त्यामुळे त्यांची बदली कायम यायच्या बेतात असे. रंगनाथनं त्यांच्याकडे मूळ कागद मागितला. कंधारकर म्हणाले, बघायला मिळेल, हात लावायला मिळणार नाही, कापायला तर स्वप्नातही नाही. रंगनाथनं विचारलं, वास घ्यायला मिळेल का? कंधारकरांनी नियमांचं पुस्तक चाळलं. कागदावर सरकारची मालकी होती. वासाबद्दल पुस्तक गप्प होतं.

कागद कसा सापडला हेही त्यांनी सांगितलं. रेकॉर्ड कीपर मुंजाजी बारा वर्षं त्या खोलीत होते. वीस एप्रिलला दुपारी त्यांनी १९६१ सालचा बस्ता, म्हणजे लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला. तळाशी हा कागद मिळाला आणि त्यांनी तासाभराच्या आत तो साहेबांच्या, म्हणजे कंधारकरांच्याच, टेबलावर ठेवला. तेव्हापासून कागद साहेबांच्या लोखंडी पेटीत एकटा होता. तो कुणी ठेवला, याबद्दल संशय घ्यावा तर मुंजाजींवरच. पण मुंजाजींनी आयुष्यात लबाडी सोडाच, वेळेवर जेवणही केलं नव्हतं.

रंगनाथच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. रेकॉर्ड रूममध्ये कसर लागू नये म्हणून प्रत्येक बस्त्यात डांबर गोळ्या टाकतात. आत पाऊल टाकलं की डोळे चुरचुरतात. एकतीस वर्षं तिथं पडलेला कागद त्या वासानं भिजलेला असणार. आणि तो नुकताच कुणाच्या तरी हातातून आला असेल, तर नसणार.

त्यानं दोन काचेच्या बरण्या नेल्या. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी प्रत्येकीत टाकली, कारण असा कोळसा वास शोषून धरतो. एकीत तो कागद, दुसरीत १९६१ च्याच बस्त्यातला एक निःसंशय खरा कागद. झाकणं घट्ट लावून दोन्ही बरण्या दोन तास साहेबांच्या खिडकीत उन्हात ठेवल्या. कंधारकर समोर बसून होते. शिपाई दोनदा विचारून गेला, की लोणचं कुणाचं आहे.

घरी येऊन रंगनाथनं पुरचुंड्या ईथरमध्ये बुडवल्या आणि एकेक थेंब यंत्रात सोडला. आधी खरा कागद. नवव्या मिनिटाला सुईनं कागदाच्या पट्टीवर डोंगर काढला. १२८. डांबर गोळी. ठीक.

मग तो कागद. रंगनाथ घड्याळाकडे बघत बसला. नवव्या मिनिटाला सुई उठली. १२८.

म्हणजे कागद बस्त्यातलाच होता. म्हणजे खरा होता. बाहेर ओट्यावर सरजाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. यंत्र थांबल्याचं ऐकून तिनं हात थांबवला आणि वाट बघत राहिली.

४

रंगनाथला बाहेर जाववेना. तो खोलीतच बसून राहिला आणि हातांना काही काम हवं म्हणून त्यानं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं, ते सगळ्यात शेवटी केलं. उरलेली एक कोरी पुरचुंडी होती. ती कुठल्याच बरणीत गेली नव्हती. ती ईथरमध्ये बुडवून त्यानं तिचा थेंब यंत्रात सोडला. आत काहीच नसेल तर यंत्रानं काहीच म्हणू नये, ही शिकवण कुठल्याही नवशिक्याला पहिल्या दिवशी देतात.

नवव्या मिनिटाला सुई उठली. १२८.

रंगनाथनं पट्टीकडे पाहिलं, मग पुरचुंडीच्या फडक्याकडे, मग सुलाबाईला हाक मारली. हे लुगडं कुठं होतं? सुलाबाई म्हणाली, ट्रंकेत, दुसरं कुठं असणार. आणि ट्रंकेत काय टाकतेस? सुलाबाईनं त्याच्याकडे असं बघितलं, की हा माणूस बी.एस्सी. कसा झाला.

"डांबर गोळ्या. कसर लागंल ना लुगड्याला."

रंगनाथ हसत सुटला. त्यानं नवं मांजरपाट आणलं, सोड्यात उकळलं, उन्हात वाळवलं, कोळसा तव्यावर लालबुंद करून घेतला. मग पूजा बांधावी तशा नेमानं कोऱ्या पुरचुंडीचा थेंब तीनदा यंत्रात सोडून पाहिला. तीनदा सुई सपाट गेली. तेव्हा कुठं तो परत कंधारकरांकडे गेला आणि पहिला प्रयोग आपल्याच चुकीनं वाया गेला असं त्यानं सांगितलं. त्या कचेरीत स्वतःची चूक कबूल करणारा माणूस कंधारकरांनी अकरा महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांनी बरण्यांना पुन्हा परवानगी दिली आणि स्वतःसाठी चहा मागवला.

या वेळी खऱ्या कागदानं नवव्या मिनिटाला डोंगर काढला. दुसऱ्या कागदाची पट्टी नवव्या मिनिटाला सपाट गेली. १२८ चा मागमूस नाही. हा कागद बस्त्यात एक रात्रही राहिला नव्हता.

पण पट्टी पूर्ण सपाट नव्हती. नवव्या मिनिटाच्या थोडं अलीकडे, पहिल्या वेळी डांबर गोळीच्या मोठ्या डोंगरात गडप झालेले दोन डोंगर उभे होते, जवळजवळ. पहिल्याचे आकडे ९५ आणि १५२. दुसऱ्याचे ७१, ८१, ९५. रंगनाथनं वही उघडली. कापूर, आणि पुदिन्यातलं मेंथॉल. दोन्ही उडून जाणारे पदार्थ, कागदावर महिना-दोन महिन्यांपलीकडे टिकत नाहीत. एकतीस वर्षं तर दूरच.

सरकारी आदेशाला कापूर कोण लावतो? सुलाबाई पट्टी हातात घेऊन बसली होती. तिनं विचारलं, कापूर आणि पुदिना दोन्ही एकाच वेळी? रंगनाथ म्हणाला, हो. सुलाबाई म्हणाली, मग एवढं डोकं कशाला खाजवायचं, ते डोक्याला लावायचं थंडं तेल आहे.

५

तेल कागदावर आलं कुठून, याचं उत्तर मे महिन्यात मराठवाड्यात राहणाऱ्या कुणालाही देता आलं असतं. शिक्क्याचं पॅड वाळतं. नवं पॅड सरकार वर्षातून एकदा देतं, तेही दिवाळीत. मधले सहा महिने ज्याच्या हाताशी जे ओलं असेल, ते तो पॅडवर ओततो. तेव्हा तेल शाईत होतं, आणि शिक्का गेल्या महिन्या-दीड महिन्यात कुणाच्या तरी पॅडवर दाबला होता.

पितळी शिक्का स्वतः दहा वर्षांपूर्वीच रजिस्टरात 'सापडत नाही' या शेऱ्यावर जाऊन बसला होता. तो कुणाकडेही असू शकत होता. पण बोरटाकळीच्या कामाशी संबंध असलेली पॅडं तीनच होती. रेकॉर्ड कीपर मुंजाजींचं, कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीस चंद्रभानचं आणि बोरटाकळीचे तलाठी सटवाजी यांचं. रंगनाथनं ठरवलं, की तिघांकडेही काही ना काही काम काढायचं आणि प्रत्येकाकडून एक ताजा शिक्का घ्यायचा.

मुंजाजींकडे त्यानं एका नकलेसाठी अर्ज केला. रेकॉर्ड रूम जाड दगडी भिंतींची, भर दुपारी कचेरीतली एकमेव थंड जागा. आत मुंजाजींच्या चटईशेजारी आणखी तीन चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या. रंगनाथनं विचारलं नाही, तरी मुंजाजी म्हणाले, की इथं बाहेरच्या कुणालाच प्रवेश नाही. शिक्का वाळका उमटला, तेव्हा त्यांनी माठातलं पाणी बोटानं पॅडवर शिंपडलं. मग कागद सापडल्याची हकीकत त्यांनी आपण होऊन सांगितली. बारा वर्षांच्या नोकरीत त्यांना सापडलेला हा पहिलाच कागद. दिनकररावांनी कलेक्टरसाहेबांच्या हस्ते प्रशस्तिपत्र मिळवून देतो म्हणून सांगितलं होतं. फ्रेमसाठी भिंतीत खिळाही ठोकून झाला होता.

चंद्रभान अर्जनवीस पन्नाशीचा, निजामाच्या काळातली उर्दू बापाकडून शिकलेला, कानात अत्तराचा फाया. जुनी वळणदार अक्षरं लिहायची तर तालुक्यात दुसरा हात नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगत असे. रंगनाथनं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. चंद्रभाननं पॅडवर अत्तराचे दोन थेंब टाकले. म्हणाला, "दरखास्त वाचणाऱ्यापर्यंत पोचत न्हाई रंगनाथराव, निदान खुशबू तरी पोचावी."

सटवाजी तलाठी चावडीत डोक्याला ओला रुमाल बांधून बसले होते. त्यांना उन्हाळ्यात अर्धशिशीचा त्रास. सातबाऱ्याचा उतारा देताना त्यांनी सरजाबाईची विचारपूस केली, फार वाईट झालं म्हणाले, पण कायद्यापुढं कुणाचं चालत नाही. थैलीतून पॅड काढलं, शिक्का दाबला. शाईच्या वर्तुळाभोवती कागद थोडा पारदर्शक झाला, पापड तळताना कागदावर पडतो तसा डाग. सटवाजींनी तो उतारा पटकन घडी करून हातात दिला.

तीन कागद तीन बरण्यांत गेले. मुंजाजींच्या कागदात पाणी आणि खोलीतली डांबर गोळी. चंद्रभानच्या कागदात बावीस डोंगर. ते बघून रंगनाथ हरखून गेला, पण कापूर नव्हता. सटवाजींच्या कागदात फक्त दोन डोंगर होते, जवळजवळ, आणि त्यांचे आकडे वही न उघडताच त्याला पाठ होते.

६

सुनावणीच्या आदल्या दिवशी रंगनाथ पट्ट्या घेऊन कंधारकरांकडे गेला. कंधारकरांनी त्या शांतपणे पाहिल्या आणि परत दिल्या. भंगारात घेतलेल्या यंत्राच्या आणि फुगेवाल्याच्या वायूच्या जोरावर तलाठ्याला दोषी ठरवता येणार नाही, असं ते म्हणाले. दिनकररावांचा वकील पाच मिनिटांत पट्ट्यांच्या पतंगाच्या शेपट्या करील. शिवाय मुंजाजी शपथेवर सांगतात, की कागद बस्त्यातच मिळाला.

रंगनाथ घरी आला तो गुडघ्यात मान घालून बसला. सरजाबाई उठली. तिनं बोरटाकळीला परत जायची पिशवी भरायला घेतली. सुलाबाईनं ती पिशवी तिच्या हातातून काढून घेतली आणि नवऱ्यापुढं उभी राहिली.

"अहो, यंत्रानं तुमाला सांगितलं कुठं वास घ्यायचा ते. आता यंत्र कशाला पायजे? साहेबाला नाक न्हाई का?"

७

बारा मेला सकाळी दहा वाजता रंगनाथनं नायब तहसीलदारांसमोर अर्ज दिला, की सुनावणीपूर्वी दोन कागद दोन बंद बरण्यांत उन्हात ठेवावेत आणि साहेबांनी ते स्वतः उघडावेत. दिनकररावांच्या वकिलानं हरकत घेतली. कंधारकरांनी विचारलं, कागद उन्हात ठेवल्यानं खरा असेल तर खोटा होईल का? वकील म्हणाले, नाही. मग ठेवू, असं कंधारकर म्हणाले.

अकरा वाजता खोली भरली. एका बाकावर दिनकरराव, पांढऱ्या सफारीत, आधीच जागा मिळाल्यासारखे ऐसपैस. दुसऱ्या बाकावर सरजाबाई. तिच्या मागं दहा घरांचे पुरुष भिंतीला टेकून, बायका बाहेर व्हरांड्यात. मुंजाजी, चंद्रभान आणि सटवाजी साक्षीसाठी बोलावलेले, आपापल्या पॅडांसह.

कंधारकरांनी बस्त्यातल्या खऱ्या कागदाची बरणी उघडली, नाक खाली नेलं आणि ते खोकले. डांबर गोळी, त्यांनी मोठ्यानं सांगितलं आणि कारकुनाला लिहून घ्यायला लावलं. मग दुसरी बरणी उघडली. त्यांनी वास घेतला, थांबले, परत घेतला. मग रुमालानं नाक पुसून तिसऱ्यांदा घेतला.

वकील म्हणाले, साहेबांच्या नाकाचा पुरावा ग्राह्य नाही. रंगनाथ उभा राहिला.

"यंत्र माझं भंगारातलं हाय साहेब, ते सोडून द्या. तुमचं नाक तर सरकारी हाय."

कंधारकरांनी तिन्ही पॅडं टेबलावर मागवली. मुंजाजींच्या पॅडला डांबर गोळीशिवाय कसला वास नव्हता. चंद्रभानच्या पॅडनं सगळी खोली मोगऱ्यानं भरली. सटवाजींचं पॅड उघडताच पुढच्या बाकावरच्या वकिलाच्या डोळ्यांतही गारवा आला असावा, कारण ते मागं सरकले. कंधारकर म्हणाले, हाच वास दुसऱ्या बरणीत आहे. डोक्याला लावायचं थंडं तेल. एकसष्ट सालच्या आदेशाला ब्याण्णव साली अर्धशिशी कशी झाली?

सटवाजी घाबरणारे गृहस्थ नव्हते. वीस वर्षं त्यांनी याहून अवघड प्रश्नांना उत्तरं दिली होती. तेल मी वापरतो, ते म्हणाले, पॅडवर टाकतो, त्यात गुन्हा काय? अर्ध्या जिल्ह्यातले तलाठी टाकतात. आणि वासाचं म्हणाल, तर शिक्का माझ्या पॅडवरचाच असं कशावरून?

"वास तर नुसता जवळ राहूनबी लागतो साहेब. माझ्या थैलीत बाटली सांडती नेहमी. थैलीतल्या समद्याच कागदांना तो वास हाय."

कारकुनाचं पेन ते वाक्य पुरं करत होतं. रंगनाथनं हळूच विचारलं, कोणत्या थैलीत? कागद तर एकतीस वर्षं बस्त्यात होता. आणि तिथून तासाभरात साहेबांच्या पेटीत गेला. मग तो तुमच्या थैलीत होता कधी?

सटवाजींनी थैली पायाशी ओढून घेतली. दिनकरराव बाकावर ऐसपैस होते, ते थोडे आवरून बसले. आणि मग कुणाची अपेक्षा नसताना मुंजाजी उठले.

साहेब, ते म्हणाले, बस्ता मी सोडलाच नव्हता. उन्हाळ्याची सवय, दुपारी खोलीत गारवा असतो म्हणून आपले लोक अंमळ आडवे होतात. सटवाजी रोज यायचे, शेजारच्या चटईवर. त्या दिवशी मला डुलकी लागली होती. जाग आली तर सटवाजी कागद हातात घेऊन उभे, म्हणाले, तुमच्या एकसष्टच्या बस्त्यात काय घबाड सापडलं बघा, आता साहेबांकडं तुमीच न्या, नाव तुमचं होऊ द्या. बाहेरच्या माणसाला आत झोपू देतो असं सांगितलं असतं, तर नोकरीवर आलं असतं. आणि प्रशस्तिपत्राचं म्हणाल, तर बारा वर्षांत एक कागद सापडला होता साहेब. तोबी मला सापडला नव्हता.

ते खाली बसले. कंधारकरांनी सटवाजींची थैली उघडायला सांगितली. तेलाची बाटली वरच होती. खाली सातबाऱ्याचे कागद, पानाचा डबा, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला गोल पितळी शिक्का, जो सरकारदरबारी दहा वर्षं सापडत नव्हता. तो अशा ठिकाणी कसा, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. तो कागद कुणासाठी तयार केला, हे मात्र कंधारकरांनी विचारलं. सटवाजी दिनकररावांच्या बाकाकडे इतका वेळ बघत राहिले, की कारकुनानं तेही लिहून घेतलं. वकिलांना अचानक सेशन कोर्टातली तारीख आठवली.

पुढचं काम अर्ध्या तासात झालं. १९६१ चा कागद पंचनामा करून जप्त, सटवाजींचं प्रकरण वर कळवायचं, संस्थेला या जागेबाबत काही म्हणणं मांडायचं असेल तर ते कलेक्टरांपुढं, आणि पोलिसांपुढंही, मांडावं. मग दंडाच्या नोंदींचं रजिस्टर उघडलं आणि कंधारकरांनी आदेश सांगायला सुरुवात केली. मौजे बोरटाकळी, सर्व्हे नंबर सत्त्याऐंशी पैकी, चार एकर तीन गुंठे, सरजाबाई भ्रतार केरबा, यांचे नावे नियमित करण्यात येत आहे. त्यामागोमाग बाकीची दहा नावं.

भिंतीला टेकलेले पुरुष एकमेकांकडे बघू लागले. रंगनाथनं कपाळावरचा घाम पुसला आणि सासूकडे वळला. सरजाबाई जागची हलली नव्हती. तिनं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले.

"साहेब, पुन्ना वाचा."

कंधारकरांनी पुन्हा वाचलं. आपल्या नावापाशी सरजाबाईनं मान हलवली, जणू ते नाव तपासून घेत होती. वाचून झालं, तरी तिनं टेबल सोडलं नाही. साहेबांनी विचारलं, आता काय राहिलं?

"बाहीर बायका बसल्यात. त्यान्ला ऐकू गेलं न्हाई."

कंधारकरांनी चष्मा सारखा केला, आदेशाचा कागद उचलला आणि खुर्ची मागं सरकवली. शिपाई धावत येऊन दार उघडून उभा राहिला. साहेब व्हरांड्यात आले, तेव्हा पायरीवरच्या बायका गडबडीनं उठायला लागल्या. साहेबांनी हातानंच त्यांना बसा म्हणून खुणावलं. आणि स्वतः उभ्यानं, लिंबाखालच्या चंद्रभानच्या टेबलापर्यंत जाईल एवढ्या आवाजात, त्यांनी मौजे बोरटाकळीपासून सुरुवात केली.